व्हीएमसी सोडून असिस्टंट मॅनेजर होऊ का?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी, डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरी एमआयडीसीत ११ वर्षं झाली, आधी ऑपरेटर मग सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा), आता व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, प्रोग्रामिंग पण मीच बघतो. दिवाळीनंतर आमचे प्रॉडक्शन मॅनेजर रिटायर होतायत, तर मालक म्हणाले असिस्टंट मॅनेजर करतो तुला, ६ हजार वाढवतो. आई तर गावात सांगून मोकळी झाली. पण आत्ता ओटीचेच (ओव्हरटाइमचे) महिन्याला सात-आठ हजार सुटतात आणि ते बंद होणार म्हणे. आणि खरं सांगू का, नवीन जॉबचा पहिला पीस उतरवून भोकाचं माप घ्यायचा बोअर गेज आत सोडला आणि काटा हवा तिथंच थांबला की जे वाटतं ना, ते एक्सेलच्या शीटमध्ये वाटेल का?

जुनाफिटर:
ओटीचं बरोबर ऐकलंस, फॅक्टरी ॲक्टपासून चालत आलेला दुप्पट दर कामगाराला, मॅनेजरला नाही. पण दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, मॅनेजर झालास की कायद्याने तू 'कामगार' राहत नाहीस. सुपरवायझरला निदान पगाराची मर्यादा आहे, तिच्या आत असला तर तो कामगारच, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती शेवटी महिन्याला १०,००० होती, त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये १८,०००. मॅनेजरला तीही नाही, थेट बाहेर. उद्या काढलं तर कामगार म्हणून दाद मागायचं दार बंद.

वकीलसाहेब:
दादा, नुसत्या हुद्द्यावर ठरत नाही ते. मुख्य काम काय करता ते कोर्ट बघतं, रजा मंजूर करता का, मेमो देता का वगैरे. दिवसभर मशीनवर ऑफसेटच (टूलची मापं) घेत असाल तर कार्डावर मॅनेजर छापून काही होत नाही. अर्थात ते सिद्ध करेपर्यंत चपला झिजतात.

टूलरूमवाली:
मी चार वर्षांपूर्वी अशीच मशीन सोडून मॅनेजमेंटला गेले. पहिले सहा महिने उगाच मशीनपाशी जाऊन उभी राहायचे, सेटर वैतागायचा, मॅडम मी करतो ना म्हणायचा. पण सगळ्यात जड काय गेलं माहितीये, ज्याच्याबरोबर रोज एका डब्यात जेवायचे त्याला रिजेक्शनचा मेमो द्यावा लागला, दुसऱ्या दिवसापासून तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर. आता बोलतो, पण ताई वरून मॅडम झाले ते झालेच. तरी मला परत जायचं नाही, पोरं तयार करण्यात मजा येते. ६ हजारावर मात्र जाऊ नकोस बाबा, ओटी धरून मग वरची वाढ माग आणि जमलं नाही तर परत प्रोग्रामिंगला येईन हे लेटरमध्ये लिहून घे.

भोसरीकर:
आज विचारलं लेटरचं. मालक म्हणाले, लेटर कशाला, तू तर घरचाच आहेस.

जुनाफिटर:
मग तर आधी लेटर घे.