मदत हवी आहे: सुरुवातीचं भाषण जमत नाहीये, परवा फेरी आहे

निळीशाई:
परवा सकाळी फेरी आहे आणि सुरुवातीचं भाषण अजून कागदावर नीट उतरलेलं नाही. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. पाच मिनिटं मिळणार. पहिलं वाक्य सध्या असं: 'सत्य सूर्यासारखं असतं, झाकून झाकलं जात नाही.' पुढे गाडी सरकतच नाही. सुरुवात कशी करू? प्लीज लवकर सांगा.

खडूफळा:
विषय काय? बाजूने की विरोधात? तुम्ही कितव्या वक्त्या? तरी एक सांगतो, आधी विषयातल्या शब्दांची व्याख्या पक्की करा. वादविवादाच्या ब्रिटिश संसदीय पद्धतीत सात मिनिटांचं भाषण असतं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं तर समोरचे मधेच उठून मुद्दा मांडू शकतात. त्यामुळे व्याख्या आणि मुद्द्यांची नावं मी पहिल्याच मिनिटात उरकतो.

सांजवात:
व्याख्या सुरू झाली की परीक्षक मान खाली घालून लिहायला लागतात, वक्त्याकडे बघतही नाहीत. कवितेची ओळ घ्या. मी नेहमी घेते.

निळीशाई:
अहो वादविवाद नाहीये! अभिरूप न्यायालय आहे, म्हणजे खोटा खटला चालवायची स्पर्धा. मी सरकार पक्षाकडून. गोदामाला आग लावल्याचा आरोप रखवालदारावर. आमचे तीन साक्षीदार.

खडूफळा:
हे आधी सांगायचं ना.

जुना_वकील:
मग वरचं सगळं बाजूला ठेवा. खटल्यातलं सुरुवातीचं निवेदन म्हणजे युक्तिवाद नव्हे. कोणता साक्षीदार काय सांगेल आणि त्यातून काय दिसेल, एवढंच सांगायचं. त्याचा अर्थ लावायचा तो शेवटच्या युक्तिवादात. 'आरोपी निर्दय आहे' म्हणालात की समोरून हरकत आलीच. आणि जे साक्षीतून येणार नाही ते दाखवू असं वचन देऊ नका. समोरचे ते टिपून ठेवतात आणि शेवटी तुमच्याच शब्दांत वाचून दाखवतात. माझ्या दुसऱ्याच खटल्यात हे माझ्यावर ओढवलं होतं, अजून आठवतं.

खडूफळा:
युक्तिवाद नसतो हे पटत नाही. न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवरच्या खटल्यात अमेरिकेचे सरकारी वकील रॉबर्ट जॅक्सन यांनी २१ नोव्हेंबर १९४५ रोजी केलेलं सुरुवातीचं भाषण वाचा. कायदा, सूड, मानवी संस्कृती, सगळं आहे त्यात.

जुना_वकील:
मीही वाचलंय. तिथे ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, नव्हती, समोर न्यायाधीशच होते, हा फरक आहे. शिवाय त्या भाषणाचं बळ कशात आहे बघा. या लोकांना त्यांच्या शत्रूंच्या साक्षीवरून दोषी ठरवा असं आम्ही म्हणणार नाही, त्यांच्याच कागदपत्रांतून दाखवू, असं ते सांगतात. म्हणजे रोख पुराव्यावरच.

निळीशाई:
तुमचं चालू द्या, पण मला पहिलं वाक्य हवंय.

पाटीपेन्सिल:
तुमचा सगळ्यात पक्का पुरावा कोणता?

निळीशाई:
कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. आणि रखवालदाराकडे किल्ली होती, हे पहिला साक्षीदार सांगतो.

पाटीपेन्सिल:
मग तिथूनच सुरू करा ना. 'गोदाम जळून खाक झालं. दाराचं कुलूप मात्र शाबूत होतं. त्यावर ना ओरखडा, ना कडी वाकलेली. ते किल्लीने उघडलं होतं. त्या रात्री ती किल्ली आरोपीच्या कमरेला होती.' सूर्य काढून टाका, तो कुठल्याही खटल्यात खपतो. हे कुलूप फक्त तुमच्या खटल्यातलं आहे.

सांजवात:
किल्ली एकच होती का?

निळीशाई:
नाही. दुसरी मालकाकडे होती. म्हणूनच किल्लीचं लिहायचं टाळत होते.

पाटीपेन्सिल:
तुमचं घोडं इथे अडलंय, पहिल्या वाक्यावर नाही. दुसरी किल्ली तुम्हीच सांगून टाका.

खडूफळा:
मुळीच नको! समोरच्यांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं का?

पाटीपेन्सिल:
जबाबांच्या प्रती त्यांच्याकडेही आहेत, ते बोलणारच. तुम्ही आधी बोललात तर तो साधा तपशील राहतो. त्यांनी काढला तर तुम्ही लपवलंत असं दिसतं. मालक त्या रात्री कुठे होता?

निळीशाई:
परगावी. लॉजच्या नोंदवहीत त्याची सही आहे. तिसरा साक्षीदार लॉजचा व्यवस्थापकच आहे.

जुना_वकील:
मग झालं की. पण 'मालक परगावी होता' एवढंच म्हणा. 'किल्ली त्याच्याजवळच होती' हे कोणी साक्षीत सांगणार असेल तरच म्हणा.

टाचण:
काळा कोट आधी घालून बघा, बाह्या आखूड निघाल्या तर आयत्या वेळी धावपळ होते.

निळीशाई:
कुलपापासून सुरू केलं आणि एका बैठकीत लिहून झालं! दुसरी किल्ली तिसऱ्या परिच्छेदात आलीय. पण मोठ्याने वाचलं तर सहा मिनिटं दहा सेकंद होतात. काय कापू?

जुना_वकील:
आभार आणि आरोपीच्या स्वभावावरचं काही असेल तर ते. साक्षीदारांची ओळख तशीच ठेवा, न्यायाधीशांना पुढे तीच धरून ऐकायचं असतं.

निळीशाई:
स्वभावाचा अख्खा परिच्छेद गेला. पाच मिनिटं पाच सेकंद. उद्या रात्री पुन्हा घड्याळ लावते.