पणजोबांचं चांदीचं फुलपात्र मोडीत घालावं का?

नौपाडेकर:
बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, माळा उपसताना पणजोबांच्या मुंजीतलं फुलपात्र सापडलं. तळाशी पोचा, अंगावर टिंबाटिंबांनी कोरलेलं: 'चि. बाळ यास मुंजीनिमित्त आत्याकडून, शके १८३२'. जांभळी नाक्यावर एका सराफाला दाखवलं. नावाकडे ढुंकूनही न बघता त्याने ते काट्यावर ठेवलं, तूट धरली नि आकडा सांगितला. घडणावळ शून्य! लंडनमध्ये १४७८ पासून चांदीवर वर्षाचं अक्षर ठोकतात, त्यामुळे तिथल्या दारूच्या मगालाही जन्मसाल असतं. आपल्याकडे ही टिंबं हाच दाखला. तो आटवायचा? मी तरी नाही.

तोळामासा (वाशी):
अहो, चांदीचा जन्मच आटण्यासाठी. १८३५ पासूनचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर तोळाभर. बारा रुपये सोनारापुढे ठेवायचे आणि बारा रुपयेभार भांडं घ्यायचं, असा साधा हिशेब. तुमच्या फुलपात्रातही राणीछाप रुपये आटले असतील, त्यांच्यासाठी कोण रडलं? जयपूरचे महाराज सवाई माधोसिंहांनी १९०२ साली गंगेचं पाणी ज्यांतून विलायतेला नेलं, त्या गंगाजळ्या, म्हणजे चांदीचे प्रचंड कलशही नाणी वितळवूनच घडवल्यात. लॉकरचं भाडं भरून कसली कला जपताय? मोडा आणि नातीला पैंजण करा.

घंटाळीची सून:
पैंजणांना वर्षभरात घुंगरू उरत नाहीत, अनुभव आहे 😄 कला म्हणाल तर भुजचे चांदी-कारागीर उमरसी मावजी यांचं वेलबुट्टीचं काम कुठे आणि आपलं हे गुळगुळीत भांडं कुठे, मान्य. पण काठावरून बोट फिरवून बघा. बाहेर किंचित वळवलेला असतो. वरून पिताना धार तुटत नाही, हनुवटीवर ओघळ येत नाही. स्टीलच्या ग्लासातून वरून पिऊन दाखवा बरं!

कोपरखैरणेकर:
काठ छानच. पण वरून का प्यायचे? उष्टं होऊ नये म्हणून. आणि वरूनच ओंजळीत पाणी कुणाला घालायचे, तेही लिहा की. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तेव्हा हे भांडं तुमच्या देवघरात झळकत असेल. जपा जरूर, पण 'आत्याची माया' एवढीच चिठ्ठी लावून नको.

तोळामासा:
आता फुलपात्रावर खटला भरणार का? तेव्हाचं तेव्हा.

कोपरखैरणेकर:
खटला नाही हो. तुम्ही ते आटवलंत तर पुरावाही जाईल, म्हणून या एका बाबतीत मी नौपाडेकरांच्या बाजूने.

नौपाडेकर:
खोटं कशाला बोलू, कोपरखैरणेकरांचं वाचून रात्रभर चैन पडली नाही. गावच्या घरी मागच्या पडवीत खिळ्याला एक जर्मनचा पेला टांगलेला असायचा. गड्यासाठी. चेपलेला, कान तुटलेला, त्यावर कुणाचंही नाव नव्हतं. काल आईला विचारलं, तो कुठे गेला? म्हणाली, भंगारवाल्याने लसणाच्या बदल्यात नेला.