आंतरपीक आणि कमी मशागतीचं प्रशिक्षण: माण तालुक्यात कसं घ्यावं?

माणदेशी_शिवार:
नमस्कार मंडळी. दहिवडीजवळच्या आमच्या गावात बचत गटातल्या बायकांना आणि काही तरुण शेतकऱ्यांना आंतरपीक आणि कमी मशागतीची शेती शिकवायची आहे. रान हलकं, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, मटकी, थोडी तूर. मागं एक कार्यक्रम समाजमंदिरात पडद्यावर झाला. चहा झाला, पेरा मात्र जुन्याच पद्धतीनं. सुरुवात कशापासून करू? कुणाला बोलवू?

खटावकर:
ताई, बांधावर घ्या, तेही पेरणीच्या घातीवर, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल असताना. आपल्याकडं बाजरी-तूर २:१, म्हणजे बाजरीच्या दोन ओळींमागं तुरीची एक, ही बसलेली जोडी. तीन नळ्यांची तिफण (बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार) असेल तर तूर मधल्या नळ्यात सोडायची. कडेच्या नळ्यात सोडली की वळून येताना तुरीच्या दोन ओळी शेजारी-शेजारी पडतात आणि पुढं बाजरीच्या सलग चार. फळ्यावर हे डोक्यात शिरत नाही. एक जाऊन-येऊन पाळी पेरून दाखवा, बायकांना लगेच समजतं, चाड्यावर (बी सोडायच्या तोंडावर) मूठ त्यांचीच असते ना!

तणनाशकाचंही तिथंच सांगा. बाजरी-मक्याला चालणारं अ‍ॅट्राझीन तुरीला चालत नाही. दुकानदार एकच पीक विचारून औषध देतो.

कऱ्हाडचा_ऊसवाला:
उरमोडी धरणाच्या पाण्यावर ज्यांचा ऊस आहे त्यांना पाचट (उसाची वाळलेली पानं) न जाळता रानातच कुजवायला शिकवा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, वर पाणी. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र जवळच आहे, तिथं गट घेऊन जा.

जतची_लेक:
ऊसवाले दादा, बागायतीत हे ठीक. पण कोरडवाहूत "सगळं रान झाकून ठेवा" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, जनावरांना काय घालू? बाजरीचं सरमाड (वाळलेली ताटं) दावणीलाच जाणार, ते मागूच नका. तुरीचा पाला आपोआप गळतो, तो रानातच राहू द्या. तुरी खोडासकट उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा, मुळं आत कुजू द्या. मटकीचे वेल जमीन झाकतात, ओल धरतात. नांगरट एकदम बंद करायला सांगू नका. प्रत्येकीच्या रानात एक पट्टा नांगराविना ठेवा, शेजारचा नेहमीसारखा. पावसाची उघडीप पडली की दोन्हीकडची ओल उकरून बघता येईल.

माणसं हवी असतील तर बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. कृषी विभागाची शेतीशाळा मिळाली तर उत्तमच. तिचे वर्ग पेरणीपासून काढणीपर्यंत त्याच शिवारात भरतात.

माणदेशी_शिवार:
पट्ट्याचं फार पटलं. पण आमच्याकडं पेरणी ट्रॅक्टरवर, तिफणी सपरात पडल्यात. मधला नळा कसा जमवायचा?

खटावकर:
हिशोब तोच. सहा फणांचं पेरणीयंत्र असेल तर दुसऱ्या आणि पाचव्या फणाला तूर, बाकी चारांना बाजरी. बियांच्या पेटीत वेगळे कप्पे आहेत का ते आधी बघा. नसतील तर पत्र्याचे आडोसे बसवून घ्या, आणि हे काम पावसाआधी उरका. मिरग निघाला की ट्रॅक्टरवाला थांबत नाही.