नाटकाचा तास: आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी अनुभव धागा

‘नाटकाने आत्मविश्वास वाढतो’ हे वाक्य गॅदरिंगच्या प्रत्येक भाषणात असतं. तो नेमका कशाने वाढतो, हे कोणी सांगत नाही. या वयाच्या मुलांना नाटक शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं. बक्षिसांच्या आठवणी नकोत. काय करता आणि कुठे फसतं, ते लिहा.

वाचिक (आवाज आणि शब्दफेक) शिकवणारी

सुरुवात वाक्याच्या शेवटापासून करावी. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात आणि मुलं नेमका शेवटच गिळतात. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’मधला ‘नाही’ पडला की प्रेक्षकाला उलटाच अर्थ कळतो. यावर ‘मोठ्याने बोल’ म्हणून उपयोग नाही. मुलं पहिला शब्द ओरडतात, गळा आवळला जातो, शेवट तसाच विझतो.

त्यापेक्षा जोड्या करा. दहा पावलांवर समोरासमोर उभं करा. शेवटचे दोन शब्द ऐकू आले नाहीत तर समोरच्याने नुसता हात वर करायचा. बोलणाऱ्याने वाक्याआधी श्वास घेऊन, पट्टी न चढवता, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. रोज १० मिनिटं पुरतात. जमायला लागलं की अंतर वीस पावलं करा.

मुलग्यांचा आवाज साधारण याच सुमारास फुटतो. स्वरयंत्र वाढत असतं, पट्टी हातात राहत नाही. अशा मुलाला किंकाळी, गाणं किंवा वरच्या सुरातला संताप देऊ नका. ओठ मिटून, मधल्या पट्टीत ‘म्’चा गुंजारव पाच मिनिटं, एवढंच. आवाज चिरकला आणि बाकीचे हसले, तर भाषण देऊ नका. त्याच वाक्यापासून तालीम पुन्हा सुरू करा.

तालीम घेणारा

अर्ध्या तासाच्या एकांकिकेला दीड-दीड तासाच्या २५ तालमी धरा. पहिल्या पाच फक्त वाचनाच्या. बाराव्या तालमीला संहिता हातातून सुटली पाहिजे.

‘घरी आरशासमोर पाठ करून ये’ ही सगळ्यात महागात पडणारी सूचना. वाक्याला वक्तृत्व स्पर्धेची चाल बसते आणि ती शेवटपर्यंत निघत नाही. पाठांतर हालचालीसकट करून घ्या आणि आपल्या वाक्याबरोबर समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे तीन शब्दही पाठ करायला लावा. मुलं ऐकायला लागतात ती इथून. समोरचा एखादी ओळ विसरला तर गाडी रुळावर कशी आणायची, हेही मग त्यांना सुचतं.

भूमिकावाटप हा दुसरा खड्डा. ज्याचं पाठांतर पक्कं तो राजा, बाकीचे बावीस जण झाडं आणि सैनिक! ३० मुलं असतील तर सहा-सहांचे पाच गट करा आणि पाचांनाही तोच पाच मिनिटांचा प्रवेश द्या. एकाच ओळीचे पाच अर्थ निघालेले मुलांना डोळ्यांनी दिसतात.

दहावीचे पालक तक्रार करतात ती बहुधा वेळेबद्दल असते. सहाला संपणार म्हटलं की सहालाच संपवा.

वऱ्हाडातून, वरच्याला जोड

पहिल्या पाच वाचनांत प्रमाण भाषेचा हट्ट सोडा. ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाला दर वाक्याला ‘मला’ म्हणून अडवलं की तो उच्चाराकडे लक्ष देतो, अर्थ सुटतो. आधी प्रसंग त्याच्या बोलीत उभा राहू द्या.

पडद्यामागचा

अभिनय नको असलेली मुलं नाटकात सगळ्यात जास्त शिकतात, असं माझं ठाम मत आहे. प्रकाशयोजना हा भौतिकशास्त्राचा धडाच आहे. १००० वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो. म्हणजे वर्गातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर एकच. १६ अँपिअरवर तीन; चौथा लावला की मर्यादा ओलांडली. एकाच एक्स्टेंशन बोर्डाला चार दिवे लावले की वायर तापते, वास येतो आणि मग नेमका मुख्य प्रसंगाला अंधार. हा हिशेब मुलांकडून करून घ्या. जोडणी मात्र इलेक्ट्रिशियननेच करायची.

क्यू शीटला, म्हणजे दिवा-आवाज कधी बदलायचा त्या यादीला, चार रकाने: क्रमांक, कोणत्या शब्दावर, काय करायचं, किती सेकंदांत. उदाहरणार्थ: ‘७, “दार लाव”च्या “लाव”वर, डावा दिवा बंद, ३’. आधी ‘तयार, सात’ आणि वेळेवर फक्त ‘गो’. इतर वेळी हेडफोनवर ‘गो’ हा शब्द उच्चारायचा नाही, गमतीतही नाही. एका पोराने ‘अरे, गो म्हणू का?’ असं विचारलं तरी दिवा जातो.

ब्लॅकआउट ८ सेकंदांच्या वर नको. त्यापुढे प्रेक्षागृहात मोबाइल उजळतात.

फोरम थिएटर करणारी

ही पद्धत ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांची, पण आपल्याकडच्या चिडवणं, रॅगिंग, घरातली मोबाइलवरची भांडणं यांना चपखल बसते. पाच-सात मिनिटांचा प्रसंग अन्यायावर संपवायचा. दुसऱ्यांदा सुरू केला की प्रेक्षकातलं कोणीही ‘थांबा’ म्हणून उठतं आणि ज्याच्यावर अन्याय होतोय त्याची जागा घेतं.

इथेच घोळ होतो. मुलांना दादागिरी करणाऱ्याची जागा घ्यायची असते. तो अचानक सुधारतो आणि टाळ्या पडतात. बोआल याला ‘जादू’ म्हणत. सूत्रधाराने ‘हे तुमच्या वर्गात होईल का?’ एवढंच विचारावं. उत्तर मुलंच देतात.

दोन गोष्टी पाळाच. कोणाचा खरा, ताजा प्रसंग त्याच्या नावासकट घ्यायचा नाही. शेवटी पाच मिनिटं भूमिका उतरवायची: हातपाय झटकायचे, स्वतःचं नाव आणि सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. मार खाणारा झालेला मुलगा तसाच घरी गेला तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला त्याच नावाने हाक मारतात.

स्पर्श असलेली प्रत्येक हालचाल आधी विचारून, सगळ्यांसमोर, मोजून बसवा: ‘दोनवर मनगट धरायचं, चारवर सोडायचं.’

संहितेबद्दल थोडं

बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात आणली. त्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात. नववीच्या पोरांना राजपुत्र आणि परी देऊन काही होत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. तरी गॅदरिंगला राजपुत्र येतोच!

धागाकर्ता

शाळेच्या हॉलमध्ये माइक लावावा का?

पडद्यामागचा

दीडशे-दोनशे खुर्च्यांपर्यंत नको. लावायचाच असेल तर पुढे जमिनीवर दोन, खाली स्पंजचा तुकडा ठेवून. नाहीतर संवादापेक्षा पावलंच जास्त ऐकू येतात. आणि पंखे बंद ठेवा.