सातवीसाठी धाडसावरच्या कविता, गोष्टी, उतारे सुचवा (तलवारीपलीकडचे)

खडूफळा

शिरोळ तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. दिवाळीनंतर सातवीला आठवड्यातून एक वाचनतासिका मिळाली आहे आणि विषय ठरलाय 'धाडस'. पाठ्यपुस्तकाबाहेरचं घ्या, चाचणी नाही, गुण नाहीत, असं मुख्याध्यापकांनी स्वतःहून सांगितलं. इतकी मोकळीक आमच्या धंद्यात क्वचित मिळते, ती वाया घालवायची नाहीये.

पहिल्या तासाला विचारलं, धाडसी कोण? फळा बघता बघता भरला. शिवाजी महाराज, तानाजी, बाजीप्रभू, भगतसिंग, सीमेवरचे जवान. एकाने गावातल्या सर्पमित्राचं नाव घेतलं. सगळी नावं बरोबर. पण या मुलांवर आज दुपारी तलवार उपसायची वेळ येणार नाही. मागच्या बाकावरच्या पोराला सगळे मिळून चिडवतात तेव्हा आपणही हसायचं की नाही, गणित कळलं नाही हे हात वर करून सांगायचं की नाही, ही वेळ मात्र रोज येते. आणि दोन-तीन मुलींवर आठवीनंतर 'मला पुढे शिकायचंय' हे घरी म्हणायची वेळ येणार आहे, ते मला आत्ताच दिसतंय.

तर कविता, गोष्टी, आत्मकथनातले उतारे सुचवा. पस्तीस मिनिटांत वाचून थोडं बोलणंही व्हायला हवं. निम्मी मुलं अडखळत वाचतात. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली सापडत नाही. शेवटी तात्पर्य छापलेल्या बोधकथा कृपया नकोत.

मधली_सुट्टी

शिरोळ म्हटल्यावर पहिलं नाव 'कणा'. कुसुमाग्रजांची ही कविता बहुतेकांना पाठ असते आणि म्हणूनच ती नीट वाचली जात नाही. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो, सरांचा हात खिशाकडे जातो, आणि तो म्हणतो पैसे नकोत. तुमच्या मुलांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलाय, निदान घरात ऐकलाय. त्यांना समजावून सांगायला काही लागणार नाही.

मी एकच प्रश्न विचारते: या कवितेत धाडसी कोण? पहिलं उत्तर अर्थात तो विद्यार्थी. थोडा वेळ गप्प बसलात की कोणीतरी त्याच्या बायकोचं नाव घेतं. भिंत बांधायला, गाळ उपसायला तीही आहे, पण कवितेत ती एक शब्द बोलत नाही. मग तिच्या बाजूने चार ओळी लिहायला सांगा. वह्या तपासू नका, शुद्धलेखनाच्या लाल खुणा तर अजिबात नकोत.

एक सांभाळा. वर्गात कोणाचं घर खरंच पडलं असेल तर त्याला उभं करून 'तुझा अनुभव सांग' म्हणू नका. स्वतःहून बोलला तर बोलू द्या.

गडवाट

तलवारीपलीकडचं हवं हे समजलं, पण तलवार पार बाजूला काढू नका हो. मुलं तिथूनच येतात, त्यांना तिथेच भेटा आणि मग पुढे न्या.

'वेडात मराठे वीर दौडले सात' घ्या. हीही कुसुमाग्रजांची. लतादीदींच्या आवाजात मोबाईलवर ऐकवा, अडखळणाऱ्यांचा प्रश्नच मिटला. ऐकून झालं की मागचा इतिहास सांगा. १६७३ मध्ये जतजवळ उमराणीला सरनौबत (सेनापती) प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडलं, त्याचं पाणी तोडलं, आणि शरण आला म्हणून सोडून दिलं. महाराज संतापले. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांचे खरमरीत शब्द मनात घेऊन २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मागच्या सैन्यासाठी न थांबता मोजक्या सोबत्यांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. राज्याभिषेक सहा जूनला, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने उरले असताना स्वराज्याचा सरनौबत गेला.

आता वर्गाचे दोन भाग करा आणि विचारा, हे बरोबर होतं का? थांबले असते तर? कवीने 'वेडात' हाच शब्द का घेतला असेल? आमच्या आठवीत यावरून शाळा सुटल्यावर सायकल स्टँडवर वाद चालू होता. नेसरी तुमच्याच जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात आहे. तिथे स्मारक आहे, सहलीचा विचार करा.

गोदाकाठ

@गडवाट, कविता जबरदस्त आहे यात वाद नाही. पण बारा वर्षांच्या मुलांच्या डोक्यात काय राहतं? चाल आणि घोड्यांच्या टापा. आमच्याकडे गाणं वाजलं की पोरं बाकावर उभी राहायची, चर्चा दूरच. शिवाय 'हे बरोबर होतं का' असं विचारल्यावर एखाद्या पालकाचा फोन आला तर बाई एकट्या पडतील. सध्याचे दिवस बघता हे वर्गात घ्यायलाच धाडस लागेल.

गडवाट

फोन येऊ शकतो, मान्य. म्हणून प्रश्न नीट मांडायचा. 'प्रतापराव चुकले का' असं नाही, तर 'तुम्ही त्यांच्याबरोबरच्या सहा जणांपैकी एक असता तर त्यांना काय म्हणाला असता?' यात कोणाचा अवमान नाही. आणि महाराज स्वतः रागावले होते, म्हणजे प्रश्न विचारायची परंपरा आपलीच आहे. बाकावर उभी राहिली तर राहू द्या की दोन मिनिटं.

अनुस्वार

संतांकडे कोणीच वळलं नाही अजून, म्हणून लिहितो.

मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून बसले, आणि धाकटी बहीण बाहेरून म्हणते, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं ती थोरल्या भावाला सुनावते. आख्यायिका म्हणून सांगा, हरकत नाही. लोक बोलले म्हणून खोलीत कोंडून घेणं सातवीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुन्हा दार उघडून त्याच लोकांत जायला काय लागतं, यावर ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त बोलतील. सगळे अभंग नकोत, तीन पुरेत. आधी तुम्ही म्हणा, मग सगळ्यांनी मिळून. एकत्र म्हणताना अडखळणारं मूल लपून जातं आणि हळूहळू त्याचाही आवाज चढतो.

दुसरा जनाबाईंचा. 'डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी ॥' पुढे त्या टाळ-वीणा हातात घेऊन विचारतात, आता मला मनाई कोण करतो? सातशे वर्षांपूर्वी, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईने. तुमच्या त्या दोन-तीन मुलींसाठी याहून थेट काही मला माहीत नाही. फक्त त्यांच्याकडे बघून शिकवू नका.

निवृत्त_गुरुजी

'श्यामची आई' कशी विसरलात? त्यातला पोहण्याचा प्रसंग. श्याम विहिरीला भितो, घरात लपून बसतो, आई शिंपटीने मारून त्याला बाहेर काढते. शेवटी तो उडी मारतो. माझ्या श्यामला कोणी भित्रा म्हणू नये, हे त्या माउलीचं म्हणणं. १९३५ चं पुस्तक, आजही मुलं कान देऊन ऐकतात. साने गुरुजींना जाऊन ६० वर्षांहून जास्त झाल्याने त्यांचं लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं आहे, झेरॉक्स काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन_मुलांची_आई

गुरुजी, आदर ठेवून असहमत. माझा मुलगा सहावीत आहे, पाण्याला भितो. त्याला हा धडा ऐकवला तर तो एवढंच शिकेल की घाबरलास तर मार बसतो. भीती वाटणं म्हणजे लाज, हा निरोप आपण मुलग्यांना आधीच पुरेसा देतो.

निवृत्त_गुरुजी

ताई, तुमचा मुद्दा डावलत नाही. त्या काळी तो मार आम्हांला मार वाटला नाही, प्रेम वाटलं. तुमच्या मुलाला तसं वाटणार नाही, हे खरं.

खडूफळा

हा वाद वाचून मला हा उतारा घ्यावासा वाटायला लागलाय! :) श्यामच्या जागी तुम्ही असता तर, आईच्या जागी असता तर, विहिरीवरच्या पोहता येणाऱ्या पोरांपैकी असता तर, असे तीन गट करते. तिसरा गट महत्त्वाचा. भित्र्याला सोबत करणाऱ्याबद्दल आपण कधी विचारतच नाही.

वस्तीशाळा

दोन उतारे सुचवतो. दोन्ही जपून घ्यायचे, पण घ्यायचेच.

पहिला मुक्ता साळवे हिचा निबंध. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, म्हणजे तुमच्या मुलांपेक्षा जेमतेम एक-दोन वर्षांनी मोठी. वेदांवर फक्त ब्राह्मणांचा हक्क असेल तर आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल ती करते. भाषा जुनी आहे, काही वर्णनं अंगावर येणारी आहेत, म्हणून दोन-तीन परिच्छेद निवडून तुम्हीच मोठ्याने वाचा. वाचताना लेखिकेचं वय सांगू नका. संपल्यावर विचारा, हे लिहिणारी व्यक्ती कोण असेल? माझ्या वर्गात बहुतेकांना दाढीवाले पुढारी वाटले होते. मग वय सांगा आणि गप्प बसा.

दुसरा डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला पहिला प्रसंग. मूळ लेखन इंग्रजीत, मराठी अनुवाद मिळतो. १९०१ साल. साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेली मुलं, नवे कपडे, आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कोणी आलेलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरकतो, गाडीवाले भाडं नाकारतात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर जवळ जेवण असून पाणी मिळत नाही, म्हणून उपाशी. ठिकाणं तुमच्या जवळच्या सातारा जिल्ह्यातली आहेत, नकाशा फळ्यावर काढा.

हा प्रसंग 'धाडस' या मथळ्याखाली घ्यावा का, असं कोणी विचारेल. त्यात कोणी लढत नाही, कोणी उलटून बोलत नाही. लहान पोरं रात्र काढतात एवढंच. मला वाटतं मथळा न देता वाचावा आणि मुलांनाच ठरवू द्यावं. वर्गात कोण कुठल्या समाजाचं आहे हे तुम्हांला माहीत असतं, मुलांनाही असतं. कोणाकडे माना वळल्या तर तिथल्या तिथे थांबवा. आणि 'आता तसं राहिलं नाही' हे वाक्य शिक्षकाने उच्चारू नये अशी विनंती. राहिलंय का नाही ते मुलं सांगतील.

टिंगूमास्तर

एवढं सगळं गंभीर झालं की पोरं तासाला दांडी मारतील :D मधे मधे फास्टर फेणे टाका. भा. रा. भागवतांचा बनेश किडकिडीत आहे, ताकद शून्य, चालतं ते डोकं आणि पाय. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही चालेल, तो मोठ्यांच्या ढोंगावर बोट ठेवतो. एक प्रकरण वाचा आणि ऐन रंगात पुस्तक मिटा. पुढचं वाचायला कपाटाची किल्ली मुलंच शोधून काढतील.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची मुलं देवनागरी जेमतेम वाचतात, म्हणून ऐकणं आणि करून बघणं यावरच भर. हिरकणीची गोष्ट चालते, पण मी ती अर्ध्यात सोडते: संध्याकाळ झाली, गडाचे दरवाजे बंद, तान्हं बाळ खाली घरी. पुढे काय, ते मुलं अभिनयाने दाखवतात. दरवर्षी निदान एक हिरकणी पहारेकऱ्याशी वाद घालते. मला ती कड्यावरून उतरणारीपेक्षा जास्त आवडते.

मधली_सुट्टी

अवांतर: सावित्रीबाईंबद्दल सगळे शेण-दगड आणि जास्तीचं लुगडं एवढंच सांगतात. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ ला छापून आला होता हे मुलांना सांगा. त्या काळी बाईने स्वतःच्या नावावर कविता छापणं हेही धाडसातच आलं. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली, हे दोन वाक्यांत सांगूनही पुरतं.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापुरता क्रम असा धरलाय. सुरुवात 'कणा'ने. मग फास्टर फेणे, म्हणजे किल्लीचा शोध लागेल. नंतर नेसरी, गडवाटांच्या 'सहा जणांपैकी एक' या प्रश्नासह. मग श्याम, तीन गटांत. ताटीचे अभंग आणि जनाबाई एकाच तासाला. मुक्ता साळवे आणि मसूर शेवटी, तोवर वर्गाला एकमेकांचं ऐकून घ्यायची सवय लागली असेल. हिरकणी स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवते.

एक शंका उरली. मुख्याध्यापक म्हणतात गुण नकोत, पण केंद्रप्रमुख आले की 'पुरावा' मागतात. काय दाखवू?

वस्तीशाळा

प्रत्येकाला एक छोटी वही. तासाच्या शेवटी दोन ओळी, विषय त्यांचा. ज्याला दाखवायचं नाही त्याने ते पान दुमडायचं, दुमडलेलं पान शिक्षकानेही उघडायचं नाही. केंद्रप्रमुखांना वह्यांचा गठ्ठा दिसला की पुरतं, आत कोणी बघत नाही.

अनुस्वार

आणि 'किशोर'चे जुने अंक विसरू नका. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुमच्या विषयाला चालतील अशा काही गोष्टी मी काढून ठेवल्या आहेत, यादी तुमच्या विपूत (विचारपुशीत) टाकली आहे, बघा.