मदत हवी आहे : केमो चालू असताना नरक्याच्या सालीचा काढा

नमस्कार. आम्ही पाटण तालुक्यातले. आबांना (वय ६३) मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, दर पंधरा दिवसांनी केमोला कराडला नेतो. औषधांत इरिनोटेकॅन आहे. दुसऱ्या डोसनंतर जुलाबांनी इतके गळाले की सलाईन लावावं लागलं. पांढऱ्या पेशीही उतरल्या होत्या.

ते बघून आत्याचा जीव राहिना. मागच्या आठवड्यात ती कोयनेकडून नरक्याची साल घेऊन आली. म्हणाली, "तुमचं औषध ह्याच झाडाचं करत्यात, मग मूळचंच द्या की."

माझी खरी अडचण हीच आहे की आत्या खोटं बोलत नाही. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्यात बदल करूनच इरिनोटेकॅन बनतं. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं, १९७२ मध्ये आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात. पण मूळ द्रव्य रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा रक्तातल्या पेशी घसरल्या, लघवीतून रक्त जाऊ लागलं, आणि ते प्रयोग थांबवावे लागले. पुढं त्याच्या रेणूत फेरफार करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. आबांना डॉक्टर वजन-उंची आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डोस ठरवतात. सालीत मात्र झाडागणिक प्रमाण वेगळं. काढ्यात किती उतरलं हे कोण सांगणार?

(सालीसाठी नरक्या किती तुटलाय हे कोयना-चांदोली भागातल्यांना माहीत आहे. त्याचंही वाईट वाटतं, पण आत्ता डोक्यात आबाच आहेत.)

हे सगळं मी घरात सांगितलं. आबा म्हणाले, "झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय?" परवा मी कामावर असताना अर्धा पेला घेतलाच. वर मला ताकीद, डॉक्टरांना बोलायचं नाही. मी मात्र फोन करून सांगितलं. गुरुवारच्या डोसआधी रक्त तपासू, तोवर काढा पूर्ण बंद, जुलाब किंवा ताप आला तर लगेच घेऊन या, असं ते म्हणाले. आबांना हे अजून माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं होतं का? आत्याला न दुखावता कसं थांबवलंत? ती आबांची थोरली बहीण, आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलंय. तिचा शब्द ते मोडत नाहीत. तिलाच गुरुवारी सोबत न्यावं आणि डॉक्टरांना समोर बसून समजवायला सांगावं, असं मनात आहे. कुणी असं केलं असेल तर कृपया बुधवारपर्यंत लिहा.