मदत हवी आहे: जुन्नर तालुका लोकल बोर्डाची कागदपत्रं कुठे मिळतील?

प्रश्न (शिवजन्मभूमी): शाळेच्या स्मरणिकेसाठी माहिती हवी आहे. जुनी मंडळी 'लोकल बोर्डाची शाळा', 'लोकल बोर्डाचा रस्ता' म्हणतात. हे बोर्ड केव्हा होतं, दप्तर कुठे गेलं? पंचायत समितीत कोणालाच ठाऊक नाही.

दप्तरी: पंचायत समितीला ठाऊक नसणारच. आधी कोणतं बोर्ड ते ठरवा, नाहीतर भलतीच फाइल मागाल. १८८४ च्या मुंबई कायद्याने जिल्हा आणि तालुका अशी दोन लोकल बोर्डं आली. सुरुवातीला जिल्ह्याला कलेक्टर अध्यक्ष, तालुक्याला प्रांत अधिकारी. तालुका बोर्डं १९३८ मध्ये रद्द झाली, काम जिल्हा बोर्डाकडे गेलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा बोर्डही संपलं. त्यामुळे १९५० चा रस्ता 'लोकल बोर्डाचा' असला तरी तालुका बोर्डाचा नव्हे. जुन्नर शहरात नगरपालिका होती, तेही बोर्डाच्या हद्दीबाहेर.

शाळेचं वेगळंच. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर कारभार स्कूल बोर्डाकडे गेला, म्हणून तालुका बोर्डाच्या फायलींत शाळा शोधू नका. पहिला आधार शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही. ते मुख्याध्यापकांच्या कपाटातच असतं, आणि बहुतेक जण तेच शेवटी बघतात!

खतावणी: पैशाचा माग हवा असेल तर लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांचा निधी पाहा. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा उपकर बसला. आजच्या ८अ वरही (जमिनीचा खाते उतारा) जिल्हा परिषदेच्या उपकराचा रकाना आहे, त्याचं मूळ तिथेच. पुणे गॅझेटियरचा १८ वा खंड १८८५ चा, म्हणजे बोर्डं नुकतीच आलेली. त्यात लोकल फंडाचा हिशेब मिळेल, बोर्डाची कामगिरी नाही. कामगिरीसाठी मुंबई सरकारचे लोकल बोर्डांवरचे वार्षिक अहवाल बघा. गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात चौकशी करा. मुंबई पुराभिलेखागारात विभाग आणि वर्ष सांगूनच खंड मागा.

शिवजन्मभूमी: आभार. जिल्हा परिषदेत माहिती अधिकार टाकू का?

दप्तरी: टाका, पण 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका, 'उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येतं. अभिलेख वर्गवारीत 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवतात, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं. म्हणजे पावत्या, किरकोळ पत्रव्यवहार केव्हाच गेले. ठराव पुस्तकं आणि मालमत्ता नोंदवही मागा, वर्षं घाला, आणि नष्ट केली असल्यास नाशन नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत मागा. एक अर्ज, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट.

खतावणी: अर्जाआधी एकदा सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हा परिषदेत कागदपत्रांच्या अवलोकनाला जाऊन या. जुने बस्ते मोडी लिपीतले निघाले तर वाचणारा सोबत हवा.